टिप्पी हेड्रनची नखं

मागच्या उन्हाळ्यात आई सांगलीहून चार महिने आमच्याकडे राहायला आली होती. लेकीच्या पदवीदानाच्या आदल्या दिवशी सासू, सून आणि नात अशी तीन पिढ्यांची वरात नखं करून घ्यायला निघाली. मी ड्रायव्हर. (अमेरिकेत येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, कंपनीतली पदं बदलली, घरातलं हे पद मात्र कायम आहे.)

आम्ही सॅन होजेला राहतो. आमच्या भागात दर चौकाला एक पेट्रोल पंप, फो नावाच्या व्हिएतनामी सूपची एक खानावळ आणि एक नेल सलॉन असतंच. आत पाऊल टाकल्याबरोबर ॲसिटोनचा वास आला आणि मला एकदम मुंबईतली यूडीसीटीची प्रयोगशाळा आठवली. भिंतीवर उडप्याच्या हॉटेलात असतो तसा फलक. तिथे साधा, मसाला, म्हैसूर मसाला, रवा मसाला. इथे साधं मॅनिक्युअर, फ्रेंच, जेल, डिप पावडर, ॲक्रिलिक फुल सेट, ॲक्रिलिक फिल. समोर पंचवीस डॉलरपासून साठ डॉलरपर्यंत भाव.

आईने तिथल्या तिथे पंचवीसचे रुपये केले आणि खुर्चीवरून उठायला लागली. "अरे, दोन हजार रुपये? आमच्या गावचा न्हावी वर्षाच्या बलुत्यात सगळ्या पुरुषांची हजामत करायचा आणि वर नराणीने नखंही काढून द्यायचा." सून म्हणाली, "आई, तुम्ही बसा हो. आज हिशेब करायचा नाही." मग गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, कुठलं करायचं? आणि या प्रश्नाला आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता येईना. लेक म्हणाली जेल, कारण मैत्रिणी जेल करतात. बायको म्हणाली ॲक्रिलिक सोडून काहीही. (त्याला कारण आहे, पुढे सांगतो.) आई म्हणाली, मला नुसती कापून द्या.

मला खरं तर लाज वाटली. पंचवीस वर्षं मी रेझिन आणि कोटिंगच्या धंद्यात काढली. त्या फलकावरचा प्रत्येक पदार्थ माझ्या विषयातला, आणि तरी हा फरक काय, तो कुठून आला, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्या दिवशी दीड तास बसून होतो, नंतर काही आठवडे वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. पुण्या-मुंबईतही आता हाच फलक लागलेला दिसतो, तेव्हा अगदीच परकं वाटणार नाही.

फलकावरची पहिली ओळ साध्या मॅनिक्युअरची. नेलपॉलिश या शब्दातलं 'पॉलिश' हे बुटाच्या पॉलिशमधलंच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बायका नखांना रंग लावत नसत, घासून चकचकीत करत. थोडी भुकटी घ्यायची, मऊ चामड्याने नखं घासायची, बास. मेरी कॉब नावाची बाई फ्रान्सहून ही कला शिकून आली आणि तिने १८७८ साली मॅनहॅटनमध्ये मॅनिक्युअरचं दुकान थाटलं. अमेरिकेतलं हे पहिलं समजतात. १९११ मध्ये नॉर्थम वॉरन या गृहस्थाने नखाच्या मुळाशी वाढणारी कातडी मऊ करणारं द्रव बाजारात आणलं. त्याचं नाव क्यूटेक्स. लहानपणी आमच्याकडे कुठल्याही नेलपॉलिशला 'क्युटेक्स' म्हणत, ते हे. दाढी न करणाऱ्या बाईलाही घरात एक 'साधन' हवं, ही कल्पना विकण्यात वॉरनसाहेब पटाईत होते.

रंग आला तो नायट्रोसेल्युलोजमुळे. हा कापसावर नत्राम्लाची क्रिया करून केलेला पदार्थ मोठा बहुरूपी आहे. एका रूपात तो स्फोटक. दुसऱ्या रूपात सिनेमाची फिल्म (दादासाहेब फाळक्यांच्या काळातली रिळं याचीच, म्हणून तर ती भसाभस पेट घेत). तिसऱ्या रूपात १९२० च्या दशकातल्या मोटारींचा झटपट वाळणारा रंग. आणि चौथ्या रूपात बाटलीतलं नेलपॉलिश. द्रावक उडून जातं, मागे पातळ पापुद्रा राहतो. रासायनिक क्रिया अशी काही होतच नाही, म्हणून ॲसिटोनचा बोळा फिरवला की तो पुन्हा विरघळतो. १९३२ साली चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि चार्ल्स लॅकमन नावाचा रसायनवाला यांनी मिळून रेव्हलॉन कंपनी काढली. (रेव्हसनच्या नावातला 'एस' काढून तिथे लॅकमनचा 'एल' घातला. रसायनवाल्याच्या वाट्याला एवढं एक अक्षर आलं. असो, आम्हाला सवय आहे.) त्यांनी पारदर्शक रंगाऐवजी अपारदर्शक रंगद्रव्य घातलं आणि ओठांना नि नखांना एकाच रंगाची फॅशन विकली. मंदीच्या त्या दिवसांत नवा झगा परवडत नसे, पण बाटली परवडत असे.

फ्रेंच मॅनिक्युअरबद्दल एका वाक्यात सांगतो: त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर लॉस एंजेलिसमधल्या ऑर्ली कंपनीच्या जेफ पिंक यांनी ते नट्यांसाठी काढलं, दर प्रसंगाला कपडे बदलले तरी नखं बदलावी लागू नयेत म्हणून, असं ते स्वतः सांगत.

आता ॲक्रिलिक. इथे इतिहासात शिरतो तो दाताचा डॉक्टर. १९५४ साली फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं काम करताना अंगठ्याचं नख तुटलं. हाताशी कवळ्या करायचं ॲक्रिलिक होतं. त्याने नखाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा धरला आणि वर ॲक्रिलिकची भुकटी नि द्रव कालवून खोटं नख बसवलं. पुढे त्याचा धंदाच झाला. ही वाट इतकी रुळली की ओपीआय ही नेलपॉलिशची जगप्रसिद्ध कंपनी मुळात 'ओडोंटोरियम प्रॉडक्ट्स' नावाची दंतवैद्यांना माल पुरवणारी पेढी होती. जॉर्ज शेफर यांनी १९८१ मध्ये ती घेतली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कवळ्यांचा माल नखं करणाऱ्या बायकाच जास्त नेताहेत.

ॲक्रिलिकचं तंत्र सोपं आहे. बारीक भुकटीच्या स्वरूपातलं तयार पॉलिमर आणि द्रव मोनोमर एकत्र केले की काही मिनिटांत त्यांचा टणक गोळा होतो. प्रश्न त्या द्रवाचा. सुरुवातीला मिथाइल मेथॅक्रिलेट, म्हणजे एमएमए वापरत. हे प्लेक्सिग्लास काचेचं मोनोमर. खुब्याचं हाड बदलताना जो सिमेंट वापरतात त्यातही हेच. हाडाला उत्तम, पण नखाला वाईट. ते नखाला इतकं घट्ट धरतं की कुठे हात आपटला तर खोटं नख तुटायच्या आधी खरं नख मुळातून उचकटतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे नखं विद्रूप झाल्याच्या, कातडीवर पुरळ उठल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यांनी कोर्टामार्फत निखळ एमएमए असलेला माल बाजारातून उचलायला लावला. बंदीचा सरळ केंद्रीय नियम मात्र झाला नाही, ते काम अनेक राज्यांनी आपापल्या पातळीवर केलं. चांगली दुकानं तेव्हापासून इथाइल मेथॅक्रिलेट वापरतात. ते महाग असतं. स्वस्तातली दुकानं काय वापरतात हे विचारू नका.

आम्ही विचारलं नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी पुण्याला बायकोच्या बहिणीचं लग्न होतं, त्याआधी बायकोने एका दुकानात निम्म्या भावात ॲक्रिलिकचा पूर्ण संच बसवून घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, ते आता तिथे नाहीही. पंधरा दिवसांनी नखं ॲसिटोनमध्ये बुडवली तर विरघळायचं नाव नाही. शेवटी कानशीने घासून काढली. खाली उरली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी नखं. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे नवं यायला सहा महिने. सहा महिने ती गरम कपसुद्धा जपून धरत होती. ॲसिटोनने न सुटणं आणि कानशीला दाद न देणं ही एमएमएची ओळख, हे मला आता कळलं. तेव्हा मी घरात कोटिंगतज्ज्ञ म्हणून मिरवत होतो.

तर निम्म्या भावात. हा भाव इतका उतरला कसा, ही या सगळ्यातली मला सर्वांत ओढ लावणारी गोष्ट आहे. कारण १९७० च्या दशकात हे सगळं हॉलिवूडच्या बायकांचं काम होतं. हातापायांच्या नखांना पन्नास डॉलरच्या आसपास पडत असं सांगतात, आणि तेव्हाचे पन्नास म्हणजे आजचे दोनशेच्या पुढे. पुढे तेच काम वीस डॉलरला मिळू लागलं. मधे काय झालं?

मधे सायगाव पडलं. ३० एप्रिल १९७५. त्या वर्षी सव्वा लाखाच्या वर व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातलं कॅम्प पेंडलटन, आर्कान्सामधलं फोर्ट चॅफी अशा लष्करी तळांवर त्यांच्या छावण्या पडल्या. एखादं कुटुंब, चर्च किंवा संस्था जामीन राहिली की बाहेर पडायचं, असा नियम. अशीच एक खाजगी छावणी सॅक्रामेंटोच्या पलीकडे डोंगरात वायमार गावी होती. जुनं क्षयरोग्यांचं इस्पितळ, त्याला नाव दिलं होतं 'होप व्हिलेज'. 'फूड फॉर द हंग्री' ही संस्था ती चालवायची आणि तिच्यासाठी काम करायला येत असे टिप्पी हेड्रन.

हिचकॉकचा 'द बर्ड्स' (१९६३) ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती आठवेल: हिरवा सूट घातलेली, सोनेरी केसांची, जिच्यावर कावळे आणि समुद्रपक्षी तुटून पडतात ती. हेड्रनला या बायकांसाठी काहीतरी कायमचं करायचं होतं. छावणीतल्या बऱ्याच जणी लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि सरकारी नोकरांच्या घरच्या. कुणी स्वतः शिकलेल्या, शिकवलेल्या. थुआन ले नावाची एक जण तर हायस्कुलात शिक्षिका होती. देश गेला, घर गेलं, नवऱ्याचा हुद्दा गेला, आणि इंग्रजी येत नाही. हेड्रनने शिवणकाम शिकवायला माणसं आणली, टायपिंग शिकवायला आणली. आपल्याकडे कुठल्याही महिला मंडळाने हेच केलं असतं. पण त्या बायकांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या बघत होत्या हेड्रनच्या हाताकडे. लांब, निमुळती, रंगवलेली नखं.

हे तिच्या लक्षात आलं, हे तिचं मोठेपण. दुसरी कोणी असती तर हात मागे घेतला असता. तिने उलट आपली नखं करणारी डस्टी कूट्स हिलाच लॉस एंजेलिसहून विमानाने छावणीत आणायला सुरुवात केली. आठवड्याला एक खेप. वीस बायका शिकायला बसल्या. त्या काळात रेशमाच्या बारीक तुकड्यांनी नख मढवून बळकट करायची पद्धत होती, ती त्या शिकल्या. मग हेड्रनने जवळच्या एका सौंदर्यविद्यालयाला गळ घातली की यांना रीतसर शिकवा. त्या शिकल्या, परीक्षा इंग्रजीत दिली, परवाना मिळवला. नोकऱ्या शोधायला तिनेच मदत केली.

नखंच का, याचं एक रुक्ष कारण आहे आणि मला ते फार पटतं. केस कापायचा परवाना हवा तर त्या काळी कॅलिफोर्नियात सोळाशे तासांचं शिक्षण. नखांच्या परवान्याला त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. म्हणजे काही महिन्यांत बाई कमावती. गिऱ्हाइकाशी बोलायला दहा-बारा वाक्यं पुरतात. भांडवल म्हणाल तर एक टेबल, दोन खुर्च्या आणि पेटीभर सामान. भाषा, भांडवल आणि वेळ, निर्वासितांकडे नसलेल्या या तिन्ही गोष्टी या धंद्याला सगळ्यांत कमी लागत होत्या. आपण इंजिनियर लोक ज्याला 'एंट्री बॅरियर' म्हणतो तो इथे उंबरठ्याएवढाच होता.

पुढची कथा ऐकताना मराठी माणसाला चाळ आठवेल. गावाहून एक जण मुंबईला यायचा, गिरणीत चिकटायचा, मग भाऊ, मग चुलतभाऊ, मग निम्मा गाव एका खोलीत. उडप्यांनी मुंबईतली हॉटेलं अशीच धरली, पटेलांनी अमेरिकेतली मोटेलं अशीच धरली. थुआन ले सांता मोनिकाला कामाला लागली. तिने आपल्या बालमैत्रिणीला सांगितलं, या धंद्यात या. त्या मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने (तो पूर्वी व्हिएतनामच्या नौदलात अधिकारी होता) आधी दुकानं काढली आणि मग ऑरेंज काउंटीत 'ॲडव्हान्स ब्यूटी कॉलेज'. त्यातून हजारोंनी माणसं शिकून बाहेर पडली. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियाने परवान्याची परीक्षा व्हिएतनामी भाषेतही घ्यायला सुरुवात केली. आज देशभरात नखं करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक व्हिएतनामी वंशाचे, आणि कॅलिफोर्नियात तर मोठी बहुसंख्या त्यांचीच, असा अंदाज नेहमी दिला जातो. लग्नात मांडव घालणारा, केळीचे खांब आणणारा आणि वाजंत्रीवाला एकाच गावचे असावेत तशी गत: शाळा त्यांची, सामान विकणारी दुकानं त्यांची, वर्तमानपत्रातल्या 'दुकान विकणे आहे'च्या जाहिराती त्यांच्या.

पण नुसत्या पुरवठ्याने भाव पडत नाही, मागणीही लागते. आणि ती कथा 'गोऱ्या नटीने उद्धार केला' एवढ्यावर संपत नाही. दक्षिण लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत १९८० च्या दशकात ऑलिव्हेट रॉबिन्सन ही कृष्णवर्णीय बाई आणि चार्ली व्हो हा व्हिएतनामी निर्वासित यांनी 'मॅनट्रॅप' नावाची दुकानं काढली. भाव परवडणारा, काम झटपट, लांब रंगीबेरंगी ॲक्रिलिक नखं. बाहेर रांगा लागत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर धावली तेव्हा जगाने तिची नखं पाहिली, पण ती फॅशन तिच्या शेजारपाजारच्या वस्तीत आधीपासून रुजलेली होती. अडेल फाम या दिग्दर्शिकेच्या 'नेल्ड इट' या माहितीपटात ही सगळी माणसं भेटतात. ही दुकानं नसती तर हॉलिवूडचं काम हॉलिवूडमध्येच राहिलं असतं. पुढे रीगल नेल्सने हेच दुकान वॉलमार्टच्या आत नेऊन बसवलं. दुधाचा डबा, बटाट्याची पिशवी आणि नखं, एकाच खेपेत.

फलकावरच्या उरलेल्या दोन ओळी भराभर सांगतो, कारण त्यात इतिहास कमी आणि रसायन जास्त. जेल म्हणजे ॲक्रिलिकचाच भाऊबंद, फक्त तो भुकटी कालवून नव्हे तर अतिनील प्रकाशाखाली घट्ट होतो. तत्त्व तेच जे दाताच्या फिलिंगमध्ये, आणि तेच जे आमच्या सिलिकॉन व्हॅलीतल्या चिपवर नक्षी उमटवताना. हे १९८० च्या दशकापासून होतं, पण घरोघरी पोचलं २०१० नंतर, सीएनडी कंपनीच्या 'शेलॅक'मुळे. (या कंपनीच्या मुळाशीही एक दंतवैद्यच आहे, डॉ. स्टुअर्ट नॉर्डस्ट्रॉम. मी आता मोजायचं सोडलं.) शेलॅक म्हणजे आपली चपडा लाख. पोस्टाच्या पाकिटावरची, बांगड्यांची. त्या बाटलीत लाखेचा अंशही नाही, नुसतं नाव. पण गंमत बघा, 'लॅकर' हा शब्दच आपल्या लाखेतून फिरत फिरत इंग्रजीत गेलेला. म्हणजे नखांवरच्या त्या थराला आपण नकळत पाच-सहा भाषांमधून लाखच म्हणत असतो.

डिप पावडर म्हणजे नखावर सायनोॲक्रिलेट लावायचं आणि भुकटीत बोट बुडवायचं. सायनोॲक्रिलेट म्हणजे फेविक्विक. कोडॅक कंपनीच्या हॅरी कूव्हर यांना दुसऱ्या महायुद्धात बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना ते सापडलं आणि सगळ्याला चिकटतं म्हणून त्यांनी ते आधी टाकून दिलं होतं. दिव्याची गरज नाही, टिकतं दोन-तीन आठवडे. एकच पाळावं: बुडवण्यापेक्षा भुकटी वरून शिंपडून घ्यावी. दहा जणींची बोटं एकाच डबीत नकोत.

दिव्याबद्दल बायका विचारतात म्हणून सांगतो. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पेशींवर या दिव्यांचा प्रकाश पाडून पाहिला. वीस मिनिटांत वीस ते तीस टक्के पेशी मेल्या. हे बशीतल्या पेशींवर आहे, माणसाच्या हातावर नाही, आणि दुकानात वीस मिनिटं सलग दिवा लागत नाही. तरी त्वचारोगतज्ज्ञ सनस्क्रीन किंवा बोटं उघडी राहणारे हातमोजे घालायला सांगतात, त्यात तोटा काहीच नाही. जेल घट्ट करणारा टीपीओ नावाचा एक घटक युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. आणि घरी करायचे जेलचे संच मागवणाऱ्यांनी जरा सांभाळावं: न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं की ॲलर्जी होते आणि ती जन्माची सोबत करते. मग दाताचं फिलिंगसुद्धा डॉक्टरला विचारून करायची पाळी येते. इतिहासाची ही उलटी खेप म्हणायची.

पण आपण महिन्यातून एकदा जाणार, तासभर बसणार. समोरची बाई आठवड्यातले सहा दिवस, दहा-दहा तास तिथेच असते. रंगांच्या कारखान्यात मी जिथे काम केलं तिथे द्रावकाच्या टाकीजवळ जायचं तर हवा ओढणारा पंखा, मास्क, हातमोजे आणि सही केलेला कागद लागत असे. नेल सलॉनमध्ये तीच रसायनं थेंबाथेंबाने असतात आणि बहुतेक ठिकाणी कागदाचा पातळ मास्क असतो, जो धूळ अडवतो, वाफ नाही. टोल्युईन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट या तिघांना इथे 'विषारी त्रिकूट' म्हणतात. मोठ्या कंपन्यांनी २००० च्या दशकात ते काढून टाकायला सुरुवात केली, पण २०१२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने बाटल्या तपासल्या तेव्हा 'त्रिकूटमुक्त' असं छापलेल्या काही बाटल्यांत तेच निघालं. डोकेदुखी, दम लागणं, हातावर चट्टे या कामगारांच्या तक्रारी पाहणीमागून पाहणीत येत राहतात.

मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये सेरा मॅस्लिन नीर हिची दोन भागांची लेखमाला आली आणि या पंचवीस डॉलरचा दुसरा हिशेब लोकांना कळला: न्यूयॉर्कच्या काही दुकानांत नव्या आलेल्या बाईनेच मालकाला पैसे द्यायचे, मग काही आठवडे फुकट राबायचं, मग नाममात्र रोज. गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंनी काही दिवसांत तपासणी पथकं नेमली. यात आपल्या बाजूच्याही बायका होत्या. क्वीन्समध्ये नखांच्या दुकानांतून नेपाळी बायका मोठ्या संख्येने काम करतात आणि 'अधिकार' नावाची संस्था त्यांच्यासाठी तेव्हाही झगडत होती. लेखमालेवर टीकाही झाली. दुकानदारांनी, जे स्वतःच कालचे स्थलांतरित होते, मोर्चे काढले आणि खुद्द त्याच वर्तमानपत्राच्या लोकसंपादिकेने काही निष्कर्ष ताणले गेल्याचं मान्य केलं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. गिऱ्हाइकाला भाव वाढलेला नको असतो, मालकिणीला पलीकडच्या चौकातल्या दुकानाशी टक्कर द्यायची असते, आणि ती घट शेवटी कुणाच्या तरी पगारातून किंवा फुप्फुसातून भरून काढली जाते.

आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोने २०१० मध्ये वेगळी वाट काढली. जी दुकानं त्रिकूटमुक्त माल वापरतात, हवा खेळती ठेवतात आणि कामगारांना हातमोजे देतात त्यांना 'हेल्दी नेल सलॉन' अशी मान्यता. दंड नाही, दारावर चिकटवायला एक खूण. हळूहळू आसपासच्या काही काउंट्यांनीही ती उचलली.

त्या दिवशी एवढं काही मला ठाऊक नव्हतं. मी फक्त बघत होतो. लेकीचं जेल एका तरुण मुलाकडे चाललं होतं, बायकोचं साधं पॉलिश दुसऱ्या टेबलावर. आईच्या समोर साठीची एक बाई बसली होती. तिने आईचा हात हातात घेतला आणि थबकली. एप्रिलमध्ये माझ्या भाच्याच्या लग्नात आईने मेंदी लावली होती. तळव्यावरची कधीच गेली होती, पण नखांवर अर्ध्या भागापर्यंत केशरी रंग तसाच होता. बाईने ॲसिटोनचा बोळा फिरवला. जाईना. दुसरा फिरवला. मी मराठीत म्हटलं, आई, तिला सांग तो निघणार नाही, तो थर नाहीये, मेंदी नखाच्या आत मुरते. आईने इंग्रजीत सांगितलं, "नो गो. लीफ."

बाईने बोळा खाली ठेवला, नखाला नाक लावून वास घेतला आणि हसली. म्हणाली, आमच्याकडे हे झाड आहे. त्याचं नावच 'नखाचं पान'. मग तिने बोटं मोडत सांगितलं की ती १९९१ साली बहिणीच्या नावावर इथे आली, तेव्हापासून हेच काम. आता वास येतच नाही, नाकाला कळतच नाही. नवरा नाही. मुलगी फार्मसिस्ट आहे आणि ती आईला हे काम सोड म्हणून मागे लागली आहे. आईला यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने मला विचारलं, "अरे, यांच्याकडे पंखा का नाही रे लावत?" मालक शेजारीच उभा होता. मी भाषांतर केलं नाही. करायला हवं होतं.

आता आम्ही दुकान बदललंय. दहा मैल लांब आहे, आठ डॉलर जास्त घेतात. दर टेबलाला हवा खाली ओढून घेणारा पंखा आहे. बायको साधं पॉलिश लावते, लेक अजूनही जेलच करते, पण हातमोजे घालून. ती साठीची बाई तिथे नाही, ती त्याच जुन्या दुकानात असणार.

आई सप्टेंबरात परत गेली. विमानतळावर तिने हात हलवला तेव्हा मी मुद्दाम पाहिलं, मेंदी पार टोकाशी सरकली होती, एक बारीक केशरी रेघ उरली होती. पुढच्या खेपेला कापली की संपली.